पितृपक्षातली खरेदी

भाद्रपद वद्य तृतीया ही माझ्या वडिलांची तिथी. शके १९४६ मध्ये ती शुक्रवारी, २० सप्टेंबर २०२४ रोजी आली. धरणगावच्या आमच्या जुन्या धाब्याच्या घरात सकाळपासून खिरीचा आणि कढीचा वास दरवळत होता, निखाऱ्यांवर तूप सोडून आईने पितरांना आगारी दिली होती, आणि मी केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढलेला घास घेऊन धाब्यावर उभा राहून, गावात अलीकडे कावळ्यांची जी टंचाई पडली आहे तिला मनातल्या मनात दोष देत, वयाला न शोभेल अशा आवाजात ‘काव काव’ करीत होतो. तेवढ्यात सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला. पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा बोलत होता. ‘‘मामा, आज नवा आयफोन विक्रीला आला. मुंबईत पहाटेपासून रांगा लागल्यात. हप्त्यावर मिळतोय, शून्य टक्के व्याजानं. घेऊन टाकू का?’’

माझ्या तेव्हाच्या फोनचा ऐकण्याचा भाग निकामी झाल्यामुळे मला तो नेहमी स्पीकरवर लावूनच बोलावे लागे, आणि त्यामुळे आमच्या घरात कोणतेही संभाषण खाजगी राहत नसे. जिन्याच्या तळाशी उभ्या असलेल्या आईने, जिचे वय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे पण कान शाबूत आहेत, खालूनच उत्तर दिले, ‘‘पित्तर चालू शेतस ना रे भाऊ!’’

भाचा हसला. ‘‘आजी, कंपनीला काय माहीत पित्तर?’’

बोलणे तेवढ्यावर मिटले, पण त्याच्या त्या सहज उद्गारात मला एक फार मोठी गोष्ट दडलेली दिसली, आणि तिचा पिच्छा मी तेव्हापासून सोडू शकलेलो नाही. ज्या पंधरवड्यात आमच्याकडे नवे वस्त्र नेसत नाहीत, भांडे घेत नाहीत आणि लग्नाची बोलणीसुद्धा पुढे ढकलतात, त्याच पंधरवड्यात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानापुढे माणसे रात्र जागून उभी राहतात. आणि हा प्रकार एका वर्षाचा नव्हे, कारण पुढच्या वर्षीही, १९ सप्टेंबर २०२५ ला, पितृपक्ष उलटायला दोन दिवस उरले असताना, तशाच रांगा पुन्हा लागल्या. म्हणजे आपल्या हव्यासाचे पंचांग आता दुसरीकडे कोठे तरी तयार होते, आणि त्यात तिथी, वार, नक्षत्र यांना स्थान नाही.

पितृपक्षात नवे का घेऊ नये, याचे कारण सर्वसाधारणपणे ‘अशुभ’ या एका शब्दात सांगतात. मला ते कधीच पटले नाही. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या भेटीचे दिवस अशुभ कसे असतील? मला वाटते, ज्यांच्या सर्व इच्छा संपल्या आहेत, किंवा संपल्या असाव्यात अशी आपली प्रार्थना आहे, त्यांच्यासमोर आपण आपल्या नव्या इच्छांचे प्रदर्शन मांडू नये, हा त्यातला साधा शिष्टाचार असावा. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही, तर मृताची काही वासना मागे राहिली, असे आपण समजतो. मग नातेवाईक एकेक करून हात जोडतात आणि मागे राहिलेले काम पुरे करण्याचे वचन देतात. तापीकाठी असे प्रसंग मी चाळीस वर्षांत कितीतरी पाहिले. धाकटीचे लग्न लावून देऊ, कोर्टातली बांधाची तक्रार मिटवू, सोसायटीचे कर्ज फेडू, नातवाला शिकवू, अशी वचने ऐकली, आणि पुष्कळदा त्यानंतर कावळा शिवलेलाही पाहिला. परंतु अमुक वस्तू घ्यायची राहिली म्हणून कावळा अडला, आणि ती घेऊ म्हटल्यावर खाली उतरला, असे एकदाही घडलेले मला स्मरत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी तर मला फार धास्ती होती, कारण एक चांगले रेडिओग्राम घ्यावे असे ते वीस वर्षे बोलून दाखवीत आणि ते कधी घेतले गेले नाही. कावळा शिवला तो माझ्या काकांनी बहिणीच्या सासरचा तंटा सोडवण्याची कबुली दिल्यावर. रेडिओग्रामचा विषय त्या पक्ष्याने काढला नाही.

आता मूळ प्रश्न. लाखाच्या घरातला फोन घेण्याजोगा असतो काय?

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर जमाखर्चाचे आहे, आणि आमच्यासारख्या कापसाच्या गावात ते कोणाच्याही तोंडून पटकन निघते. त्या वर्षी भाच्याने पाहून ठेवलेल्या आयफोन १६ प्रो या फोनची किंमत १,१९,९०० रुपयांपासून सुरू होत होती, आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे एका फोनचे मोल झाले सोळा क्विंटल कापूस, तोही हमीभाव खरोखर पदरात पडला तर. एका बाईने दिवसाला चाळीस किलो वेचला असे धरले, तर हा कापूस बोंडातून काढायला चाळीस दिवस लागतात; आणि नखांच्या कडा बोंडाच्या वाळक्या टोकांनी सोललेल्या, कमरेला ओटी बांधलेली, अशी ती बाई दिवसभर ओणवी होऊन जे गोळा करते, ते सारे त्या तळहाताएवढ्या काचेत मावते, ही कल्पना मनाला चटका लावणारी आहे खरी.

पण हा चटका प्रामाणिक नाही, असे मला थोड्या विचारांती वाटू लागले. हाच हिशेब सोन्याच्या पोहेहाराला लावा, लग्नातल्या मांडवाला लावा, किंवा बांधावर उभ्या असलेल्या आणि वर्षातून वीस दिवस चालणाऱ्या ट्रॅक्टरला लावा, सगळेच डोळ्यांत पाणी आणील. शिवाय चैनीच्या वस्तूंवर रागावण्याचा अधिकार धरणगावाला कितपत आहे, हाही प्रश्नच आहे. सतराव्या शतकात इथल्या कापडाची कीर्ती एवढी होती की इंग्रजांनी १६७४ च्या सुमारास येथे आपली वखार घातली, आणि पेठ एवढी भरलेली होती की शिवाजी महाराजांच्या फौजेने ती १६७५ मध्ये आणि पुन्हा १६७९ मध्ये लुटली. म्हणजे ज्यांना अंग झाकायला जाडेभरडे पुरले असते अशा दूरदेशीच्या लोकांना तलम कापड विकून आमचे पूर्वज श्रीमंत झाले. त्या वेळी विलायतेत एखादी आजी आपल्या नातवाला ‘हे हिंदुस्थानी कापड कशाला’ म्हणाली असेल, तर तिच्या त्या उपदेशाने आमच्या कोष्ट्यांचे पोट भरले नसते. किंमत जास्त आहे एवढ्यावरून एखादी वस्तू धर्मदृष्ट्या त्याज्य ठरत नाही. प्रश्न किमतीच्या पलीकडे आहे.

तो मला दिसतो ‘जीर्ण’ या शब्दात. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो तसा आत्मा जुने देह टाकून नवे घेतो, ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली उपमा आपल्याकडे प्रत्येक अंत्ययात्रेत कोणी ना कोणी सांगतोच. आमच्या खानदेशाला गीतेचा अभिमान बाळगण्याचे एक खास कारणही आहे, ते असे की १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एकेक अध्यायावर जी प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी तेथेच उतरून घेतली आणि त्यांचेच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. तर त्या उपमेतले ‘नवे’ सर्वांना आठवते आणि ‘जीर्ण’ विसरले जाते. वस्त्र टाकायचे ते विरले, फाटले, ठिगळ धरीनासे झाले म्हणून. बाजारात त्याहून चांगले आले म्हणून टाकावे असे भगवंतांनी सुचवल्याचे माझ्या वाचनात नाही. आत्म्याने जर दर भाद्रपदात अधिक चांगला देह पाहून जुना सोडायचे ठरवले असते, तर एकाही घरात श्राद्ध घालायला कर्ता शिल्लक राहिला नसता.

आणि फोनच्या बाबतीत जीर्ण कोणी ठरवायचे? माझ्या आईच्या माजघरातल्या पितळी पातेल्याचे जीर्णत्व आई ठरवीत असे. कल्हई उडाली की आमटी कळकते, मग कल्हईवाला येई, नवसागराची पांढरी वाफ उठे, कापसाच्या बोळ्याने तो कथील फिरवी आणि पातेले पुन्हा दहा वर्षांनी तरुण होई. फोनचा देह मात्र जन्मताच आपले मरण बरोबर घेऊन येतो. त्यातली लिथियमची बॅटरी काही शेकडो वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणाशक्ती उतरणीला लागते, हा रसायनाचा नियम आहे आणि त्याबद्दल कोणाला बोल लावता येत नाही. परंतु डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने स्वतःच कबूल केले, की बॅटरी थकलेल्या जुन्या फोनांची गती ती मालकांना स्पष्टपणे न सांगता कमी करीत होती. फोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून तसे केले, असा तिचा खुलासा होता, आणि तो तांत्रिकदृष्ट्या खोटाही नव्हता. पण ज्या माणसाने आपला फोन मंदावला म्हणून ‘आता हा म्हातारा झाला’ असे समजून नव्याची तजवीज केली, त्याच्या हातून जीर्णतेचा निर्णय परस्पर काढून घेतला गेला होता. फ्रान्समध्ये त्याबद्दल २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंडही झाला. दुसरे मरण अद्ययावतीकरणाचे. यंत्र धडधाकट, काच शाबूत, आणि तरी एके दिवशी कंपनी सांगते की यापुढे याला नवी आज्ञावली मिळणार नाही. मग बँकेचे ॲप रुसते, आणि निरोगी माणसाला हयातीचा दाखला नाकारावा तसे काहीसे होते. अलीकडे गूगल आणि सॅमसंग यांनी आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे अद्ययावत ठेवण्याचे वचन दिले आहे. महाग फोनाच्या बाजूने मला सुचलेला सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे, आणि तो मी भाच्याच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा करतो: सात वर्षे खरोखर वापरला तर लाखाचा फोन दर दोन वर्षांनी फेकलेल्या स्वस्त फोनांपेक्षा फारसा महाग पडत नाही आणि कचराही कमी होतो. फक्त, सात वर्षे वापरणारा माणूस पहाटे तीनपासून रांगेत उभा असल्याचे मी ऐकलेले नाही.

हयातीच्या दाखल्यावरून आठवले. रेल्वेतून निवृत्त झालेले माझे एक स्नेही दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करून येत. आता ते पलंगावर बसल्या जागी फोन तोंडासमोर धरतात, पापण्या मिटून उघडतात, आणि सरकारदरबारी ते आणखी एक वर्ष जिवंत राहतात. मी त्यांना म्हटले, ‘‘अहो, जो प्रश्न सोडवायला उपनिषदांना अरण्यात जावे लागले, तो तुमच्या फोनाने एका मिनिटात सोडवला.’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘दहा हजाराच्या फोनानं सोडवला. लाखाचा असता तर दोनदा जिवंत झालो असतो का?’’

नावीन्याचा आणखी एक पदर आहे, आणि त्यासाठी मला धरणगावाबाहेर जावे लागत नाही. बालकवींचा, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा, जन्म १८९० साली याच गावात झाला. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात अवघ्या सोळा-सतरा वर्षांच्या या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला. मध्ये जी थोडी वर्षे मिळाली त्यांत त्याने झरा, ऊन, पाऊस, फूल यांपलीकडची फारशी मालमत्ता गोळा केली नाही. जो झरा रोज तोच आहे तो त्याला रोज नवा कसा दिसे, हे कोडे मला शाळेत कविता शिकवताना नेहमी पडे. माघ कवीने रमणीयतेची खूण सांगितली आहे ती अशी, की जे क्षणोक्षणी नवे होत जाते ते रमणीय. या कसोटीवर आपल्या फोनाला घासून पाहिले तर गंमत दिसते. २००७ साली पहिला आयफोन अमेरिकेत निघाला, २००८ च्या ऑगस्टात त्याची पुढची आवृत्ती ३१,००० रुपयांना आपल्याकडे आली, तेव्हा बोटाने चित्र सरकते हे पाहून ज्यांचे डोळे विस्फारले त्यांचा विस्मय खरा होता, कारण तसे पूर्वी काही नव्हते. त्यानंतर कॅमेऱ्याची भिंगे वाढली, कडा कधी गोल झाल्या कधी चौकोनी, पण तो विस्मय पुन्हा आला नाही. त्याच्या जागी एक निराळीच यंत्रणा आली, जिच्यात वस्तू स्वतः क्षणोक्षणी नवी होत नाही. दुसरी वस्तू नवी आल्यामुळे हातातली जुनी होते. काल संध्याकाळपर्यंत जो फोन उत्तम होता, तो आज सकाळी ‘गेल्या वर्षीचा’ होतो, आणि त्याच्यात तर केसाएवढाही फरक पडलेला नसतो. पडतो तो पाहणाऱ्याच्या नजरेत. वेदान्त्यांनी दोरीवर साप दिसतो असे म्हटले, पण दोरीवर ‘जुनी दोरी’ दिसू लागल्याचा दृष्टान्त त्यांना सुचला नव्हता.

आमच्या शेजारच्या अमळनेरात श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, तेथे मोठमोठ्या विद्वानांनी वर्षानुवर्षे मायेवर काथ्याकूट केला. आणि त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, तिचेच पुढे विप्रो होऊन ती संगणकाच्या व्यवसायात गेली. मायेचा विचार आणि मायेचा व्यापार एकाच स्टेशनावर उतरावेत, हा योगायोग मला नेहमी सुखावतो.

शून्य टक्क्यांविषयीही दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण भाच्याच्या प्रश्नातला खरा मोह तेथेच होता. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते. व्याज कोठे तरी प्रक्रियेच्या शुल्कात, कोठे न दिलेल्या सवलतीत लपलेले असते. बौद्धांचे शून्यही असेच समजायला अवघड आहे, पण त्याचे हप्ते पडत नाहीत. आमच्या आजोबांच्या काळी कर्ज काढताना सावकाराच्या ओट्यावर जावे लागे, जामीन द्यावा लागे, अंगठा उठवावा लागे, आणि त्या साऱ्या अपमानातून जाताना ‘हे खरेच हवे आहे का’ हा प्रश्न माणूस स्वतःला पाच-सात वेळा विचारून घेई. सावकारी वाईटच होती. पण तिने जी फुरसत नाइलाजाने दिली होती, ती आता उरलेली नाही. इच्छा आणि प्राप्ती यांच्यामध्ये एका बोटाचे अंतर राहिले आहे, आणि सर्व साधनामार्गांची उभारणी तर त्याच अंतरावर झालेली होती.

या अंतराची सर्वांत व्यवहारी व्यवस्था कोणी लावली असेल तर ती जैनांनी, असे माझे मत आमच्या गल्लीतल्या एका अडत्या गृहस्थांमुळे झाले. जैन साधूचा अपरिग्रह निरपवाद असतो, पण गृहस्थाला पाचवे अणुव्रत असते ते परिग्रहपरिमाणाचे: किती ठेवायचे त्याची मर्यादा आपली आपण आखून घ्यायची. ‘उपासकदशांग’ या आगमात आनंद नावाच्या श्रावकाची कथा आहे. चार कोटी सुवर्ण कोठारात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात आणि दहा-दहा हजार गाईंचे चार कळप, एवढ्या ऐश्वर्याचा तो धनी. त्याने महावीरांपुढे व्रत घेतले तेव्हा त्यातले काही टाकले नाही, एवढेच म्हटले की याहून अधिक नको. मग तो पुढे दातवण कोणते, फळ कोणते, अंगाला लावायचे तेल कोणते, इथपर्यंत एकेका जिनसाची हद्द घालीत जातो. लहानपणी ही कथा ऐकून मला वाटले होते, यात कसला आला त्याग? आता वाटते, त्यागापेक्षाही अवघड असे काही त्यात आहे. वस्तू समोर येण्याच्या आधीच तिचे माप ठरवून ठेवणे. कारण वस्तू एकदा समोर आली, तिच्या काचेवर आपले बोट एकदा फिरले, की ‘घेण्याजोगी आहे काय’ हा प्रश्न विचारणारे मन आणि उत्तर देणारे मन ही दोन्ही तिच्याच पगारी असतात.

त्या अडत्या काकांकडे मी चातुर्मासात एकदा गेलो असता त्यांनी किर्दीच्या कपाटातून एक लहान वही काढून दाखवली. लाल कापडी पुठ्ठा, कडेला दोरा. आत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात धोतरे किती, पादत्राणे किती, वाहने किती, आणि तळाशी अलीकडच्या शाईत, ‘मोबाईल – १’. मी मनात म्हटले, यांच्याजवळ नक्कीच बटनांचा जुना फोन असणार. तेवढ्यात त्यांच्या अंगरख्याच्या खिशातून जो फोन निघाला तो लाखाच्या आसपासचा होता. माझ्या चेहऱ्यावरचा अपेक्षाभंग त्यांनी वाचला असावा. ‘‘मास्तर, वहीत आकडा लिहिलाय, किंमत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण हा सहावं वर्ष चालतोय. बॅटरी दोनदा बदलली. मुलानं नवा आणला होता, परत पाठवला.’’ त्या फोनाच्या मागच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला होता आणि त्यावर पारदर्शक पट्टी नीट, हवेचा बुडबुडा राहू न देता चिकटवलेली होती. महाग फोनाविरुद्ध मी मनात रचलेला अर्धा निबंध तेथेच गळून पडला.

तसाच दुसरा अर्धा गळाला धरणगावच्या फलाटावर. आमची गाडी सुरत-भुसावळ मार्गावरची, आणि खानदेशातली हजारो कुटुंबे पोटासाठी सुरतेला गेलेली. त्यामुळे या फलाटावर ताटातुटीचे आणि भेटीचे प्रसंग रोजचेच. एकदा गाडीला उशीर होता. बाकावर एक शेतमजूर बाई मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती, आणि तिच्या हातातल्या फोनात, ज्याच्या काचेवर कोळ्याचे जाळे विणल्यासारखे तडे होते, तिचा मुलगा बोलत होता. तिने फोन दोन्ही हातांनी, दिवा धरावा तसा, तोंडापासून लांब धरला होता. ‘‘दिसस का? माले तू दिसस,’’ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एका तड्याच्या दोन बाजूंना मुलाचा चेहरा अर्धा-अर्धा झालेला, पण तिला तो सबंध दिसत असावा. मी विचारले तेव्हा तिने सांगितले की फोन मुलानेच पाठवला, कोण्या शेठने वापरून टाकलेला, दुकानातून घेतलेला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की पहाटे रांगेत उभा राहणारा तो अधीर मनुष्य आपला जुना फोन विकतो, तो दुसऱ्याच्या हाती जातो, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या, आणि त्याच्या तृष्णेचे हे उष्टे शेवटी या बाकावर येऊन एका आईला तिचा मुलगा दाखवते. यावरून त्याच्या तृष्णेला पुण्य म्हणावे, असे माझे म्हणणे नाही. पण तिला निव्वळ पाप म्हणण्याचेही धैर्य त्या फलाटावर मला झाले नाही.

गांधीजींच्या बाबतीत लोक समजतात की त्यांना यंत्रमात्राचा तिटकारा होता. वस्तुतः शिवणाच्या सिंगर यंत्राला त्यांनी १९२४ मध्येच अपवाद केले होते, आणि कारण दिले ते मोठे हृद्य आहे: पत्नीचे हाताने टाके घालण्याचे कष्ट सिंगरला पाहवले नाहीत, म्हणून ते यंत्र जन्माला आले, त्याच्यामागे लोभ नव्हता, प्रेम होते. आमच्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले तेव्हा खेड्यातल्या कारागिरांच्या वस्तूंचे प्रदर्शन त्यांच्या हस्ते उघडले. सिंगर यंत्राची ती कसोटी फोनाला लावायची झाली तर फोनाकडे पाहून भागत नाही. तो कोणाच्या मुखदर्शनासाठी घेतला आहे, याकडे पाहावे लागते. बाकावरच्या बाईच्या हातात तो सिंगरचे यंत्र होता. भाच्याच्या हातात तो काय होणार होता, हे मला त्याला विचारायचे होते.

विचारायची वेळ आली नाही. त्याने आजीचा मान राखला, म्हणजे सर्वपित्री अमावास्या उलटू दिली, आणि घटस्थापनेच्या दिवशी फोन घेतला, चोवीस हप्त्यांत. त्याचा जुना, तीन वर्षांचा, माझ्या फोनाच्या चौपट किमतीचा फोन दिवाळीत तो माझ्यासाठी घेऊन आला. ‘‘मामा, तुमच्या फोनाचं ऐकू येत नाही, आणि सगळ्या घराला ऐकू जातं. हा घ्या.’’ मी एक दिवस नको म्हटले. दुसऱ्या दिवशी घेतला. हा निबंध ज्या हातांनी लिहिला आहे त्यांच्या जवळच, टेबलावर, तो पडलेला आहे. फोटो फार सुरेख निघतात, आणि आईला आमचे बोलणे आता ऐकू येत नाही म्हणून ती नाराज आहे.

अखाजीला, म्हणजे ३० एप्रिल २०२५ ला, भाचा पुन्हा आला. खानदेशात अक्षय्यतृतीयेला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर आणायची, पाण्याने भरून पूजेला मांडायची, वर खरबूज किंवा आंबा, सोबत सांजोरी. दरवर्षी नवी घ्यायची अशी आमच्या घरातली ती बहुधा एकच वस्तू, आणि तीही आपल्यासाठी नाही. आईला धरून आम्ही दोघे कुंभारापाशी गेलो. उन्हात घागरी उपड्या मांडल्या होत्या. तिने एक उचलली, कानाशी नेली, बोटाच्या पेराने टिचकी मारली, खाली ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. तिसरीचा आवाज बद्द आला. चौथी वाजवली तेव्हा तिच्या पोटातून एक लांब, स्वच्छ नाद निघाला, आणि तिने ती पदरात घेतली. भाचा हे सारे आपल्या नव्या फोनात टिपून घेत होता. आईने त्याच्याकडे पाहिले, मग त्या फोनाकडे.

‘‘तुना हाऊ असाच ठोकीसन लिन्हा व्हता का रे?’’

कुंभार हसला, भाचाही हसला. मग त्याने फोन खिशात टाकला आणि घागर तिच्या हातातून आपल्याकडे घेतली. भर उन्हात, दोन्ही हातांनी पोटाशी धरून, ती घरी पोहोचेपर्यंत त्याने खाली ठेवली नाही.